गोळाभात रविवारचाच कायले?

चुलाणा: गोळाभात म्हणजे चणाडाळीच्या भरडीचे गोळे भातातच वाफवायचे. काल इथं एका ताईनं लिहिलं की ते २ तासांचं काम, वावरातून संध्याकाळी आल्यावर कोण करते, त्यापेक्षा कुकरला खिचडी लावा, गोळे तसेही फुटतातच. हे पटलं नाही. गोळे फुटतात ते घाईनं नाही, भरड आणि पाणी चुकल्यानं. चणाडाळ जाड रव्याएवढी भरडलेली पाहिजे. पाकिटातल्या बेसनाचा गोळा दडस, म्हणजे घट्ट होते.

चौघांना २ वाट्या तांदूळ, १ वाटी भरड. त्यात अर्धा चमचा हळद, १ चमचा तिखट, ओवा, हिंग, मीठ, सांबार (कोथिंबीर) आणि ३ मोठे चमचे कडकडीत तेल. पाणी शिंपडत भिजवा, पाव वाटीच्या आसपास लागते, मग १० मिनिटं झाकून ठेवा. तेवढ्यात भात चढतो. वरचं पाणी आटून भातात भोकं दिसली की लिंबाहून लहान गोळे खोचा, पातेल्याखाली तवा सरकवा, मंद आचेवर १५ मिनिटं. सगळं मिळून ४० मिनिटं.

हिरवी मिरची: ती पोस्ट माझी. २ तास म्हटले ते भरडीसकट. किलोभर डाळीसाठी गिरणीवाला जातं सैल करून देत नाही, आणि दिलं तरी आधीच्या गव्हाचं पीठ त्यात येते. वरून चिंचेचं सार, लसणाची फोडणी. ते तुमच्या ४० मिनिटांत कुठं बसते?

चुलाणा: गिरणी कशाला पाहिजे? कोरडी डाळ मिक्सरमध्ये वाटी-वाटी टाकून थांबून थांबून फिरवा, एका दमात फिरवली की खाली पीठ आणि वर आख्खी डाळ. चाळून बारीक पीठ झुणक्याला ठेवा. भरडीत हळद-तिखट-ओवा मिसळून कोरड्या बरणीत भरा. मीठ, तेल, सांबार त्या दिवशीच. अन् गोळे वाफेवर असतात तेव्हा हात रिकामे असतात, सार आणि फोडणी तेव्हाच होते.

धानपट्टा: सगळे गोळ्यावर भांडून राहिले, भात कोणता ते कोणी बोलत नाही! दिवाळीनंतरच्या नव्या तांदळाला दुप्पटच पाणी, जुन्याला अडीच पट. नव्याला अडीच पट घातलं की चिखल होते आणि गोळे त्यात विरघळतात. एचएमटी तांदूळ घ्या, जुना.

हिरवी मिरची: बाजारात कोणताही बारीक तांदूळ एचएमटी म्हणून विकतात. पोत्यावरच्या नावावर काय विश्वास ठेवायचा? चिन्नोर बरा.

धानपट्टा: चिन्नोर नरम शिजते, वासाचा तांदूळ आहे, साध्या वरणासोबत खा. फोडणीच्या तेलाखाली तो वास मारायला कायले घेता? आणि एचएमटीबद्दल एवढ्या सहज बोलू नका. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी १९८३ पासून पटेल ३ या धानाच्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून-निवडून हे वाण उभं केलं. नाव मिळालं एचएमटी घड्याळाचं, पुढं पंजाबराव कृषी विद्यापीठानं (पीकेव्ही) शुद्ध करून दिलं तेव्हा नावाआधी पीकेव्ही लागलं. त्यात खोब्रागडेंचं नाव कुठंच नाही.

हिरवी मिरची: त्यांच्याबद्दल मी एक अक्षर वाईट बोलले नाही. भेसळीबद्दल बोलले. शब्द माझ्या तोंडी घालू नका, भाऊ.

धानपट्टा: बरं, भेसळीचं खरं आहे. मग धान घेऊन भरडून आणा. आख्खा दाणा सारखा लांब दिसला, कणी कमी निघाली तरच घ्या. कणीचा भात गोळ्याला चिकटते.

वाफ: आणि कुकरचं काय? ज्यांच्याकडे एकच शेगडी आहे त्यांना तवा-पातेलं सांगून काय उपयोग?

चुलाणा: कुकरमध्ये गोळे भातात टाकायचेच नाहीत. आत पाणी खळखळते, गोळे एकमेकांवर आपटून फुटतात. भिजवलेले गोळे तेल लावलेल्या डब्यात, भाताच्या भांड्यावर ठेवा, ३ शिट्ट्या.

हिरवी मिरची: मग त्याला गोळाभात म्हणायचं का? भाताला डाळीचा वास लागतच नाही.

चुलाणा: लागत नाही, हे मान्य. पातेल्यातला तो पातेल्यातलाच. पण खिचडीपेक्षा बरा, आणि वाढताना गोळे फोडून भातात कालवून वर तेल घातलं की बराच जवळ येते.

हिरवी मिरची: बरणीची गोष्ट तेवढी पटली. चिन्नोरची नाही.

धानपट्टा: चिन्नोर घालाल तर पाणी दुपटीहूनही पाव वाटी कमी ठेवा, आणि गोळे खोचल्यावर झाकण उघडू नका.