आजोबांच्या ट्रंकेतल्या रेकॉर्डी: धुवायच्या कशा, लावायच्या कशावर?

बोरीपूल:
नमस्कार मंडळी. कवळ्याचं जुनं घर शाकारायला काढलंय. माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक सापडली, आत ६३ रेकॉर्डी! जाड, जड अशा ४१, बाकीच्या पातळ एलपी. जाड्यांत मास्टर दीनानाथ, केसरबाई, काही भजनं. एलपींत अभिषेकीबुवा, किशोरीताई आणि चक्क कोंकणी गायिका लॉर्ना. (आजोबा घरी न सांगता तियात्राला, म्हणजे कोंकणी नाटकाला जायचे, हे आत्याने आत्ता कुठे फोडलं.) सगळ्यांवर पांढरी बुरशी. धुवायच्या कशा? मामेभावाकडे नवा टर्नटेबल आहे, त्यावर लावू का? शिवाय मुंबईचं एक गिऱ्हाईक सगळ्या सरसकट न्यायला तयार आहे. मिरग आठ दिवसांवर आलाय आणि घराचं छप्पर अर्धं उघडं, म्हणून घाई.

मडगावचा भोंगा:
आधी ट्रंक छपराखालून हलव, मग पुढचं वाच.

तुझ्याकडे दोन वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत. एलपी म्हणजे प्लॅस्टिक, वाकेल पण सहसा फुटणार नाही. जाड्या लाखेच्या. हातातून सुटली की बशीसारखे तुकडे. आणि लाखेला स्पिरिट कधीही लावायचं नाही! सुतार पॉलिशसाठी चपडा (लाखेचे पापुद्रे) कशात विरघळवतो? स्पिरिटमध्येच ना? तोच चपडा या तबकड्यांत आहे. मी विशीत असताना शहाणपणा केला होता. दीनानाथांच्या एका पदावर स्पिरिटचा बोळा फिरवला, बोळा काळा झाला, आणि त्या जागी आजही नुसती खरखर ऐकू येते. चाळीस वर्षं झाली, ती रेकॉर्ड टाकवत नाही.

धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीवाल्याकडे मिळतं) आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. मऊ ब्रश रेघांच्या दिशेनेच, गोल फिरवायचा. मधला कागद कोरडा ठेव. लाखेची भिजत घालायची नाही. धुवून, स्वच्छ पाण्याने निपटून, पंख्याखाली उभी. उन्हात नको, एलपी पापडासारखी वाकते.

बोरीपूल:
बापरे, मी आजच सॅनिटायझर आणणार होतो. आणि टर्नटेबल?

मडगावचा भोंगा:
त्यावर ७८चा वेग (मिनिटाला ७८ फेरे) आहे का ते बघ, जाड्या त्यावरच वाजतात. बऱ्याच नव्यांत ३३ आणि ४५ एवढेच असतात. वेग असला तरी एलपीची सुई लावू नकोस. लाखेच्या रेकॉर्डची रेघ बरीच रुंद, बारीक सुई तळाशी जाऊन घाण उपसत बसते. ७८ची सुई वेगळी मिळते, कार्ट्रिजचा (सुई बसते त्या डोक्याचा) नंबर बघून मागव. वेग नसला तर एक जुगाड: सुई बदलून ४५वर वाजव, संगणकावर रेकॉर्ड कर आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग १.७३३ पट कर.

किल्लीच्या ग्रामोफोनवर लावायची झाली तर एका बाजूला एक नवी पिन. कंजूषपणा नको. पिन झिजते आणि तिची धार पुढच्या गाण्यावर चालते.

सांखळीची सून:
मशिनचं तुम्ही बघा. विकायचं म्हणताय म्हणून लिहिते. निदान केसरबाईंची एकदा ऐकल्याशिवाय देऊ नका हो. आमच्या गोव्यातल्या, फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या त्या. त्यांच्या आवाजातलं 'जात कहाँ हो' १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर तांब्याच्या तबकडीवर अंतराळात गेलं. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबरला आणि त्याच महिन्यात बाई गेल्या. एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची, तेवढ्यात भैरवी उभी करायची. घाईचा मागमूस नाही. हल्ली लोक एवढ्या वेळात तानपुरा लावतात.

किशोरीताईंची एलपी मात्र आत्याला ऐकवा. त्यांच्या आई मोगूबाई कुर्डीच्या. ते गाव साळावलीच्या धरणात गेलं, मे महिन्यात पाणी ओसरलं की घरांचे चौथरे दिसतात.

पणजी_४५:
विकण्याबद्दल: सरसकट भाव म्हणजे निवडक चार रेकॉर्डींसाठी बाकीच्या फुकट नेणं. आधी प्रत्येकीच्या लेबलाचा फोटो आणि नंबर टिपून यादी कर. लॉर्ना मी घ्यायला तयार आहे, हे आधीच सांगून ठेवतो :)

मडगावचा भोंगा:
लॉर्नासाठी रांगेत माझ्या मागे उभा रहा.

बोरीपूल:
मंडळी, देव बरें करूं. ट्रंक फोंड्यातल्या फ्लॅटवर आणली. नऊ धुऊन झाल्या, एक फुटली (भजनाची, आत्याला सांगितलेलं नाही). ७८ची सुई यायला आठवडा लागेल, म्हणून आज अभिषेकीबुवांची एलपी लावली. एका जागी सुई अडकून एकच तान परत परत. आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिथे अडकतेच ती. बाबा बोटाने हलकेच ढकलायचे." गिऱ्हाईकाला नाही कळवलंय. कपाटात रेकॉर्डी आडव्या रचल्या तर चालतील का?

मडगावचा भोंगा:
उभ्या! उभ्या ठेव रे बाबा.