मदत हवी आहे: थंडीत रातकिडे टिकत नाहीत, बिअर्डेड ड्रॅगनला (पाळीव सरड्याला) खायला काय द्यायचं?
नाशिकची थंडी पडली की रातकिड्यांचा डबा रात्रीत गारठतो. ४० लिटरचा डबा, झाकणाला बारीक जाळी, आत अंड्यांचे ट्रे उभे. पाण्याऐवजी गाजराच्या चकत्या, कारण वाटीत ते बुडून मरतात. तरी सकाळी तळाशी मेलेल्यांचा थर आणि नाकात जाणारा अमोनियाचा भपका. ओल साचतेय हे उघड आहे. ३० अंश राखायला हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) डब्याच्या बाजूला लावू की खाली? जाळी मोठी केली तर ऊब निसटते, तिथेच अडलंय.

ड्रॅगनचं पिल्लू चार महिन्यांचं आहे. त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा देत नाही, कॅल्शियम पावडरीत घोळवूनच देतो. द्राक्षबागेतले नाकतोडे कृपया सुचवू नका, तिथे फवारणी असते. डुबिया झुरळं या थंडीत जास्त तग धरतील का?