प्रतिसाद: एसीचा गॅस वजनावर भरा, गेजवर (प्रेशर मीटरवर) नको

वर ज्यांनी लिहिलंय की मेकॅनिक दर उन्हाळ्याआधी 'गॅस कमी झालाय' म्हणतो आणि प्रेशर बघून टॉप-अप करून जातो, त्यांना सांगतो, गॅस काय पेट्रोल आहे का संपायला? कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहेच, बऱ्याचदा फ्लेअर नटपाशी (तांब्याचा पाइप युनिटला जोडणारा नट), साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतात. माझ्या हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसीचं (म्हणजे हीट पंपच तो, उलटा चालून खोली गरमही करतो) सेम झालेलं, दोन वर्षं पैसे घालवले. मग दुसऱ्या माणसाने लीक काढला, उरलेला गॅस रिकव्हर केला (सिलिंडरमध्ये काढून घेतला), पाइपातली हवा आणि ओल काढायला व्हॅक्यूम पंप लावून तब्बल पाऊण तास बसला, आणि सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून बाहेरच्या (आउटडोअर) युनिटच्या प्लेटवर लिहिलेले ८५० ग्रॅम मोजून भरले, पाइप २ मीटर जास्त होता त्याचे मॅन्युअलप्रमाणे अजून ४० ग्रॅम. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा स्पीड बदलतो तसं प्रेशर वरखाली होतं, आणि हीटिंगवर तर कूलिंगला लो प्रेशरचा असलेला जाड पाइपच हाय प्रेशरचा होतो, नुसत्या गेजवरून काय डोंबल कळणार! आणि हो, आर-३२ (एसीत भरतात तो एक गॅस) पेट घेऊ शकतो, जवळ कुणी सिगरेट काढली तर आधी त्याला बाहेर काढा.