आमच्या मसाल्याच्या लेबलची हुबेहूब कॉपी झालीये, आधी कुठे जाऊ?

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट मदत हवी आहे. आई गेली नऊ वर्षं लालबागला मिरची कुटून घेऊन मालवणी मसाला विकते, छोटा धंदा, पण गिऱ्हाईक बांधलेलं. परवा दादरला भाजी घेताना एका दुकानात आमचंच पाकीट दिसलं, हातात घेतलं तर वास भुशासारखा आणि आतला मसाला दुसराच. लेबल मात्र तेच, माझ्या भावाने काढलेल्या मिरचीच्या चित्रात देठ चुकून वाकडं झालं होतं ना, ते वाकडं देठ पण उचललंय!

ट्रेडमार्कचा अर्ज क्लास ३० मध्ये (मसाले वगैरे यात येतात) टाकलाय, ४,५०० रुपये भरून, पण रजिस्ट्रेशन अजून आलेलं नाही. पोलीस चौकीत म्हणाले हा सिव्हिल मॅटर आहे, वकील बघा.

आता मी वाचलं की ट्रेडमार्कच्या कायद्यात धाड टाकायला निदान डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाचा अधिकारी लागतो, वर ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत पण आधी घ्यावं लागतं. पण लेबलचं चित्र कॉपीराइटमध्ये येतं, त्याला रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, कलम ६४ खाली सब-इन्स्पेक्टर माल जप्त करू शकतो आणि कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय एफआयआर घेऊ शकतात, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय. मग चौकीवाले असं का बोलले?

कोणी या रस्त्याने एफआयआर करून घेतलाय का? की सरळ पासिंग ऑफचा (म्हणजे आमच्या नावावर स्वतःचा माल खपवल्याचा) दिवाणी दावा लावू? भावाकडे चित्राची मूळ फाइल आहे, तारखेसकट. खर्च साधारण किती येतो तेही सांगा, आईला अजून काही बोललेलो नाही.