मदत हवी आहे : बैठकीत कुणी थिजून गेलं, तर पुढं काय?

नमस्कार मंडळी. बेळगाव-खानापूर भागात दुःख मोकळं करण्यासाठीच्या सामूहिक बैठका चालवायला शिकतोय. बैठकीची रचना अशी: १२ माणसं, चालवणारे दोघे. एक बोलतो, दुसरा फक्त चेहरे आणि श्वास बघतो. नियम आधी मराठीत, मग कन्नडात: इथलं इथंच राहील, न विचारता स्पर्श नाही, कधीही उठून जाता येईल. मग १० मिनिटं श्वास (४ मोजत आत, ६ मोजत बाहेर), नामस्मरण, शेवटी २० मिनिटं चहा नि साध्या गप्पा. ही शेवटची २० मिनिटं कापली की लोक अर्धवट भानावर गाडी चालवत घरी जातात.

भरभर श्वास मुद्दाम टाळतो. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येऊन ती आखडतात, आणि बघणाऱ्यांना वाटतं अंगात आलं! फिट, हृदयविकार, गरोदरपण, पूर्वीचा मानसिक आजार आधी एकट्यात विचारतो. चालू गोळ्या बंद करायला सांगत नाही.

अडतंय इथं: कुणी जुन्या आठवणीत अडकलं, हाकेला ओ देईना, तर डोळे उघडून पाय जमिनीवर टेकवायला आणि खोलीतल्या ५ वस्तूंची नावं घ्यायला सांगतो. तरी भानावर आलं नाही तर किती वेळ थांबायचं? टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर कधी पुरतो, धारवाडच्या डिम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी रुग्णालयात कधी न्यायचं? उरलेल्या ११ जणांना तेवढ्यात कसं सांभाळता? बैठकीला बसून आमच्या चुका दाखवील असा मराठी जाणणारा समुपदेशक या भागात कुणाच्या माहितीत आहे का?