मदत हवी आहे : गटात आलेला 'रिसर्च पेपर' खरा की नुसता छापलेला, हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून लिहिते आहे. वनस्पतिशास्त्रात बीएस्सी केलं. घरची सात एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. गावात आमचा चौदा जणांचा शेतकरी गट आहे आणि त्याचा हिशेब मी लिहिते. गटात इंग्रजी सलग वाचणारी मी एकटीच. त्यामुळे औषधाच्या डब्यावरचं बारीक अक्षर असो की विम्याचा कागद, सगळं माझ्याकडे येतं. दोन वर्षांपासून त्यात 'रिसर्च पेपर'ची भर पडली आहे.

मागच्या वर्षी जूनमध्ये एक विक्रेता गावात आला. दाणेदार खतासारखा माल, तीस आणि साठ दिवसांनी एकरी एकेक बॅग टाकायची, बॅग ११५० रुपयांची. त्याने व्हॉट्सॲपवर नऊ पानांची पीडीएफ पाठवली. वर 'इंटरनॅशनल जर्नल', खाली आयएसएसएन नंबर, बाजूला लाल अक्षरात इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या लेखांचा इतर संशोधक किती उल्लेख करतात त्याचा आकडा. आत लिहिलं होतं की बोंडं वाढली आणि गुलाबी बोंडअळी निम्म्यावर आली. संध्याकाळी देवळासमोर बसून तासभर मी ते सगळं मराठीत सांगितलं. बाबांनी विचारलं, "छापून आलं म्हनजे कोनं तरी पाहूनच छापलं असन ना?" मी म्हटलं, हो.

त्या 'हो'वर अकरा जणांनी ३८ एकरांसाठी बॅगा घेतल्या. ८७,४०० रुपये. माझ्याच वहीत लिहिलेले आहेत.

नोव्हेंबरात बोंडं तेवढीच आणि अळीही तेवढीच. एका काकांची दुसरी बॅग कमी पडली म्हणून त्यांच्या चार ओळी कोऱ्या राहिल्या होत्या. त्या ओळी आणि बाकीचं वावर यांत फरक दिसेना. काका घरी येऊन म्हणाले, "पोरी, तुयं काई चुकलं नाई, तू त लिवलं तेच वाचलं." पण मी नुसतं वाचलं नव्हतं. मी 'हो' म्हटलं होतं.

नंतर तीच पीडीएफ शांतपणे वाचली. लेख मिळाल्याची तारीख आणि स्वीकारल्याची तारीख यांत चार दिवसांचं अंतर. प्रयोग कोणत्या गावात, कोणत्या हंगामात, कोणत्या वाणावर केला, काही नाही. किती वाफे, किती वेळा, तेही नाही. आमच्या कॉलेजच्या साध्या प्रोजेक्टलाही मॅडम तीन-तीन वेळा प्रयोग करायला लावायच्या. हे मला जूनमध्ये का दिसलं नाही?

पैसे गेले ते गेले. खरं दुखणं यंदा सुरू झालं. जुलैत मी नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या आणि अकोल्याच्या विद्यापीठाच्या शिफारशी वाचून दाखवल्या. नर पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे लावा, सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग सापडले तर उपाय करा, डोमकळ्या म्हणजे अळी लागून न उमललेली फुलं तोडून नष्ट करा, फरदड ठेवू नका, म्हणजे हंगाम संपल्यावर तेच पीक पुढे वाढवू नका. २०१७ मध्ये बोंडअळीने आमच्याकडे काय केलं ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे पटायला हवं होतं. उत्तर आलं, "तोई पेपरच होता, हाई पेपरच हाये." चौदापैकी तिघांनी सापळे लावले.

त्यात ग्रुपवर अंगावर मोठमोठ्या गाठी असलेल्या उंदरांचे फोटो फिरले, 'बीटी सरकीचं तेल खाऊन हे झालं, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय' असं लिहून. दोनच दिवसांनी बातमी आली की २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून जास्त शोधनिबंध मागे घेतले गेले. त्यावर एकाने लिहिलं, "म्हनजे सारेच चोर." एकाच आठवड्यात एकाच ग्रुपवर शास्त्रज्ञ देव झाले आणि चोरही.

माझे बाबा कुठलीही गोष्ट विद्यापीठाच्या 'कृषी संवादिनी'त पाहून ठरवायचे. वर्षाला एक डायरी, ती फळीवर असायची आणि तेवढी पुरायची. आता रोज चार पीडीएफ येतात आणि दिसायला सगळ्या सारख्याच.

मला विचारायचं आहे ते असं. मोबाइलवर अर्ध्या तासात पेपर तपासायचा तर काय पाहायचं? 'मागे घेतला' याचा अर्थ पारावर बसलेल्या माणसाला कसा सांगायचा? आणि आपल्या भागातल्या कापसावरचं खरं संशोधन फुकट कुठे वाचायला मिळतं? रविवारी गटाची बैठक आहे. त्याआधी सांगितलंत तर फार उपकार होतील.

*

ग्रंथालयवाली

ताई, मी एका कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तीस वर्षं काम केलं. तुमच्या बाबांचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर मधल्या काळात बदललं, एवढंच.

आमच्या वेळी नियतकालिकाचे पैसे वाचणारा भरायचा, म्हणजे आमचं ग्रंथालय. अंक टाकाऊ निघाले तर पुढच्या वर्षी आम्ही वर्गणी बंद करायचो. पानं मोजकी असायची, छपाई आणि टपाल महाग, म्हणून संपादक निवडून घ्यायचा. इंटरनेटवर पानांना मर्यादा राहिली नाही. वाचकाला फुकट मिळावं म्हणून पुष्कळ ठिकाणी खर्च लेखकाकडून घेऊ लागले. हेतू चांगला होता आणि त्यातून उत्तम नियतकालिकं उभी राहिली, हे मी मनापासून सांगते. पण प्रत्येक 'स्वीकारला'मागे पैसे मिळतात म्हटल्यावर काहींनी नुसतं 'स्वीकारला' म्हणण्याचंच दुकान काढलं. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका असलेला बनावट पेपर ३०४ नियतकालिकांना पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला.

आता तपासणी. आयएसएसएन हा फक्त नियतकालिकाचा ओळख क्रमांक आहे, गाडीच्या नंबर प्लेटसारखा. त्यावरून गाडी चांगली की भंगार ते कळत नाही. लाल अक्षरातला इम्पॅक्ट फॅक्टर तर सोडूनच द्या, तसले आकडे विकत देणाऱ्या कंपन्या आहेत. पहिल्या पानावर डीओआय शोधा, तो त्या एका लेखाचा '१०.' ने सुरू होणारा लांब क्रमांक असतो. तो डीओआय डॉट ओआरजी या साइटवर टाका. खरा असेल तर लेखाच्या मूळ पानावर जाल. पेपर मागे घेतला असेल तर तिथे तसं लिहिलेलं असतं. डीओआय खरा निघाला म्हणजे संशोधन चांगलं असं मात्र धरू नका, वाईट नियतकालिकंही तो घेतात. तो नुसता दरवाजा आहे, आत काय आहे ते तुम्हालाच पाहावं लागेल. आणि आत काय पाहायचं ते तुम्ही स्वतःच लिहिलंय : जागा, हंगाम, वाण, किती वाफे, तारखा. तेवढं फार आहे, खरंच.

यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, कोणी दाखवली तर ती २०२५ मध्ये बंद झाली आहे हे लक्षात असू द्या. आता आयती यादी नाही, प्रत्येक लेख बघावा लागतो.

फुकट वाचायचं तर 'कृषिकोश' उघडा, देशभरातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध तिथे आहेत. अकोल्याचे विद्यार्थी आपल्याच काळ्या मातीत प्रयोग करतात, ते शोधा. भारतीय कृषी संशोधन परिषदेची नियतकालिकंही ऑनलाइन मोफत आहेत. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना खुली झाली, पण गावात बसलेल्या शेतकऱ्याला ती उघडत नाहीत. मला हे अजिबात पटत नाही. जवळच्या सरकारी कॉलेजात कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडून वाचून घ्या.

*

मोर्शीचा_संत्रावाला

ताई, पेपर वाचायच्या आदी बॅग उलटी करून पाह्यजा. माल अळी मारते म्हनला की तो कीटकनाशक झाला, त्याले १९६८ च्या कायद्याखाली केंद्रीय मंडळाचा नोंदणी क्रमांक पाह्यजे. नुसती वाढ करते म्हनला तर तो जैव उत्तेजक, तेबी २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आले. दोन्ही दावे करून रायला अन् बॅगवर नंबर एकबी नाई, तर पेपर कोन्याबी देशातला असू दे, पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्या.

अन् तुमच्या काकाच्या चार कोऱ्या ओळी हाच खरा प्रयोग होता. नवीन काईबी घेतलं तर दर वावरात मुद्दाम चार ओळी सोडा अन् वेचनीले त्यायचा कापूस वेगळा मोजा.

'मागे घेतला' कसं सांगाचं? सातबारा सांगा. चुकीची नोंद फेरफारानं रद्द होते, पन कोनाकडं जुनी झेरॉक्स असन तर त्यात तीच नोंद दिसते. जुनी झेरॉक्स घेऊन कोनी वावर विकाले आला, तर आपन पैसे देतो का? ताजा उतारा काढतो. व्हॉट्सॲपची पीडीएफ म्हनजे जुनी झेरॉक्स.

*

पेशीविज्ञान

वरची उपमा मी आता माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे. अगदी तसंच होतं. मूळ साइटवर 'मागे घेतला' असा शिक्का बसतो, पण आधी डाउनलोड झालेल्या प्रतीवर तो आपोआप उमटत नाही.

तुमच्या उंदरांचे फोटो बहुधा फ्रेंच संशोधक सेरालिनी यांच्या २०१२ च्या पेपरमधले असावेत, एकदा ताडून पाहा. तो प्रयोग बीटी कापसासारखंच जनुक बदललेल्या मक्यावरचा होता, कापसाशी किंवा सरकीच्या तेलाशी त्याचा संबंध नव्हता. एका गटात दहाच उंदीर होते, आणि जात अशी की वय झालं की त्यांना एरवीही गाठी होतात. २०१३ मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. २०१४ मध्ये तो दुसऱ्या ठिकाणी पुन्हा छापला गेला, हेही बैठकीत सांगा. लपवलंत आणि उद्या कोणी दाखवलं, तर तुमच्यावरचा विश्वास जाईल.

'सारेच चोर' म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. लसीमुळे स्वमग्नता येते असं सुचवणारा ब्रिटिश डॉक्टर वेकफील्ड यांचा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १९९८ मध्ये आला. बारा मुलांवरचा. तो मागे घ्यायला २०१० उजाडलं. त्याच लॅन्सेटमध्ये २२ मे २०२० रोजी कोविडवर दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या औषधावर पेपर आला, सहा खंडांतली ६७१ रुग्णालयं, ९६ हजार रुग्ण. ऑनलाइन येताच जगभरातले लोक आकडे ताडू लागले. पेपरमध्ये २१ एप्रिलपर्यंतचे ऑस्ट्रेलियातले ७३ मृत्यू होते, आणि त्या तारखेपर्यंत त्या देशात कोविडचे नोंदलेले सगळे मृत्यूच ६७. मूळ माहिती दाखवा म्हटल्यावर ती पुरवणारी कंपनी दाखवू शकली नाही. ४ जूनला पेपर मागे घेतला गेला. आधी बारा वर्षं लागली, इथे तेरा दिवस. दहा हजारांच्या बातमीतही चूक शोधणारे बहुतेक संशोधकच होते, आणि त्यातले पुष्कळ जण हे काम बिनपगारी करतात. त्यातले आठ हजारांहून जास्त पेपर तर हिंदावी या एकाच प्रकाशनसंस्थेचे होते.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रंथालयवाली ताई, तुमचा प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतला आहे.

रविवारी बैठक झाली. आधी मी उभी राहून सांगितलं की मागच्या वर्षी मी न तपासता 'हो' म्हटलं होतं. कोणी काही बोललं नाही. मग मोर्शीच्या भाऊंचा सातबारा सांगितला. बाबा लगेच म्हणाले, "मंग त्या पेपराचा ताजा उतारा काढ ना आत्ताच." सगळ्यांसमोर मोबाइलवर क्रमांक टाकला. डीओआयसारखा दिसणारा आकडा होता खरा, पण साइटने असा क्रमांक सापडत नाही असं सांगितलं. दोन काकांनी तो मेसेज स्वतः हातात घेऊन पाहिला. मग नागपूरच्या संस्थेतल्या एका पेपरचा क्रमांक टाकला तर तो उघडला, आणि त्यात जागा, वाण, वाफे सगळं होतं. उंदरांचे फोटोही ताडले, त्याच पेपरमधले निघाले. तो पुन्हा छापला गेल्याचंही सांगितलं. एक जण म्हणाला, "म्हनजे भांडन अजून सुरू हाये." मी म्हटलं, त्या पेपरबद्दल हो, पण सरकीच्या तेलाचा त्यात एक शब्द नाही.

बॅगेवर अळीसाठीचा नोंदणी क्रमांक नव्हता. काकांकडे एक रिकामी बॅग अजून आहे, ती आणि पावती जोडून तक्रार लिहिते आहे. अजून सहा जण सापळे लावायला तयार झाले. पाच जण अजूनही नाही म्हणतात, त्यांना एकरभराचं आधी बघायचं आहे, आणि मला ते रास्त वाटतं.

एक मदत अजून हवी आहे. कृषिकोशवर अकोल्याच्या प्रबंधांत बोंडअळीचे पुष्कळ सापडले, पण कोरडवाहू आणि हलक्या जमिनीवरचे वेगळे काढता येत नाहीत. कोणत्या शब्दांनी शोधायचं?