'तापमापक' की 'तापमान-संवेदक'?

प्रश्न : हार्डनिंगच्या (पोलाद कडक करण्याच्या) भट्टीसाठी मराठीत मागणीपत्र लिहिताना मी 'तापमापक' असे लिहिले, तर पुरवठादाराने काटा फिरणारी तबकडी पाठवून दिली. हवे होते थर्मोकपल. माझा शब्द चुकला का?

उत्तर : शब्द चुकीचा नाही, जागा चुकली. 'मापक' म्हणजे मोजून आकडा दाखवणारा. थर्मोकपल स्वतः काहीच दाखवत नाही. दोन भिन्न धातूंच्या तारांचे जोडलेले टोक भट्टीत तापले, की त्या टोकाच्या आणि तारांच्या भट्टीबाहेरच्या थंड टोकाच्या तापमानातील फरकानुसार अत्यल्प विद्युतदाब निर्माण होतो, 'के' या धातूजोडीच्या प्रकारात अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट, आणि त्याचा आकडा करण्याचे काम पॅनेलवरचा कंट्रोलर करतो. म्हणून 'संवेदक' हाच शब्द योग्य. 'ताप-संवेदक' मात्र मी टाळतो, कारण 'ताप' म्हटले की आपल्याला आधी आजारपण आठवते आणि नंतर डोक्याला होणारा.

तथापि नुसते 'तापमान-संवेदक' लिहूनही तुमची अडचण सुटली नसती, कारण निवड त्याच्या पोटातल्या शब्दांवर ठरते. 'तापयुग्म' हा प्रतिशब्द मला आवडतो, त्यात धातूंची जोडी दिसते. पण पुढे 'के प्रकार' लिहिल्यावाचून दुकानदार काय देणार? ९०० अंशांच्या भट्टीला 'के' चालतो. लोखंड आणि कॉन्स्टंटन (तांबे-निकेलचा मिश्रधातू) यांचा 'जे' तेथे टिकणार नाही. दोन-तीनशे अंशांपर्यंतच्या कामात अचूकता हवी असेल तर आरटीडी, म्हणजे तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा संवेदक, घ्यावा. त्याचे 'पीटी-१००' हे नाव म्हणजे व्याख्याच आहे : प्लॅटिनम, शून्य अंशाला रोध १०० ओहम. शंभर अंशांना तोच रोध १३८.५ ओहम होतो. याला 'रोध-तापमापक' म्हणतात, तेव्हा 'मापक' पुन्हा मागच्या दाराने आत येतो, हे मला मान्य आहे.

प्रश्न : मग थर्मोकपलपासून पॅनेलपर्यंत जाणाऱ्या कॉम्पेन्सेटिंग केबलला 'भरपाई तार' म्हणावे का?

उत्तर : म्हणू नये; वाचणाऱ्याला नुकसानभरपाई वाटेल. ही तार थर्मोकपलच्या धातूंशी गुणाने जुळणारी असते, म्हणून 'जुळती तार' म्हटल्यास फिटरलाही कळेल. तिच्याऐवजी साधी तांब्याची तार ओढली, तर थंड टोक भट्टीजवळच्या तापलेल्या जोडपेटीत सरकते, दोन टोकांतला फरक घटतो आणि पॅनेलवर तापमान कमी दिसू लागते. एका कारखान्यात हेच झाले होते, आणि दोष मात्र बरेच दिवस कंट्रोलरला दिला जात होता.